पुस्तकात हळद नव्हती

दोष तुमचा आहे. मशीनबरोबर जे चकचकीत पुस्तक आलं ते लिहिणारे तुम्ही जे कोणी असाल, जिथे कुठे बसून लिहिलं असेल, दोष तुमचाच. चेहरा घासून झाल्यावर काय काय करायचं नाही याची तुम्ही पानभर जंत्री दिलीत. उन्हात लोळायचं नाही. पोहण्याच्या तलावात उतरायचं नाही. अत्तर नाही, ब्लीच नाही, वॅक्स नाही. बर्फावरून घसरायला जायचं नाही, हेसुद्धा लिहिलंत, घसरणाऱ्या माणसाच्या चित्रासकट. करावे गावातून आजवर कोण बर्फावर घसरायला गेलंय? इथे बर्फ मासळीवर टाकतात. पण या देशात लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीला हळद लावतात. नुसती लावत नाहीत, थापतात, चोळतात, कानामागे, नाकपुडीत, कपाळावर, आणि लावायला अख्खा गाव येतो, उरलेली घरच्यांच्या तोंडाला फासतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही? मशीन विकायला आमचा पत्ता बरोबर सापडला. मग आमच्या बायका पाटावर बसल्या की त्यांच्या तोंडाला काय लागतं, हे विचारताना जीभ झडली होती का?

तुमच्या त्या न लिहिलेल्या एका ओळीपायी, नव्याण्णव सालच्या मे महिन्यात, पूर्वीच्या लग्नाच्या सकाळी धर्मा तांडेलाच्या घरात काय झालं ते आता ऐका.

"काकी, हे जात नाहीये."

पूर्वी मोरीत उभी होती. केस वर गुंडाळलेले, हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. तिची काकी मैना दारात. डाळीचं पीठ लावून झालं होतं, दही झालं होतं, आणि पूर्वीची आई शालन हिच्या हट्टापायी भांडी घासायची वडीही फिरवून झाली होती. हातांची हळद गेली, पायांची गेली, मान, गळा, कान सगळं मोकळं झालं. चेहरा तेवढा राहिला. साधासुधा पिवळा नाही, नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा पिवळा. आणि डोळ्यांभोवती दोन गोल स्वच्छ, जसं काही तिला चष्मा घालून रंगवलं होतं.

"टॅक्सी झालेय मी," पूर्वी म्हणाली. "टप पिवळं, खाली काळी."

"गप गो. काली बिली काय नाय तू."

मैनेनं बोटानं तिचा गाल पुसला आणि बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं, स्वच्छ. मग तिची नजर त्या दोन गोलांवर गेली. त्या गोलांची हद्द तिनंच आखलेली होती. डोळ्यांभोवती नळी फिरवायची नाही, तिथलं कातडं पातळ असतं, एवढा एक नियम तिनं जिवापाड पाळला होता. नळी जिथे फिरली होती तिथे हळद मुरली होती. जिथे फिरली नव्हती तिथली धुतली गेली होती.

"वरचं मेलेलं कातडं काडलं ना आपून," ती हळू म्हणाली. "खालचं नवं हाय. त्यानं हलद पेली."

"मग काल लावू कशाला दिलीस?"

मैनेकडे याचं उत्तर होतं, पण आरशासमोर उभ्या नवरीला देण्यासारखं नव्हतं. ब्लीच नको, वॅक्स नको, हे तिला पाठ होतं. पण हळद? कोयता लागला की हळद भरायची. घसा बसला की हळद. बाळंतिणीला हळद. हळद ही नको त्या वस्तूंत मोडते हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याही आलं नाही. फरक एवढाच की तुम्हाला त्याचे पैसे मिळाले.

मशीन वाशीच्या एका कातडीच्या डॉक्टरांनी नवीन घेतलं म्हणून काढून टाकलेलं. मैनेनं लग्नातल्या पाटल्या मोडून ते आणलं. त्याच्या नळीच्या टोकातून पांढऱ्या खड्यांची बारीक भुकटी चेहऱ्यावर सुटते, कातडं खरवडते, आणि तेच टोक सगळी भुकटी मेलेल्या कातडीसकट परत ओढून घेतं. नेरूळच्या बिल्डिंगांतल्या बायका त्याला 'पॉलिश' म्हणत. गावात नाव पडलं 'घासनी'. मैनेच्या पाटीवर 'मायक्रो-डर्मा' होतं, त्याखाली जर्दाळूचा स्क्रब, फळांचं पील, आणि अगदी खाली, गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून, भुवया.

पाटी ज्या गाळ्यावर होती तो गाळा मात्र मैनेचा नव्हता. सरकारनं शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डरनं इमारत उठवली तेव्हा तळमजल्यावरचा एक गाळा तांडेलांना मिळाला, तो सासऱ्यांच्या, धर्माच्या नावावर. "बस तिथं, कर काय करतीस ते," म्हातारा म्हणाला होता, आणि मैना बसली होती. आता मोठा दीर बाजीराव, म्हणजे पूर्वीचा बाप, याला तिथे इस्टेट एजन्सी काढायची होती. त्यानं फिरती खुर्ची आधीच आणून ठेवली होती. काळ्या रेक्झिनची, चाकांची, अजून प्लास्टिकच्या पिशवीतली. गाळा मिळेपर्यंत ती ओट्यावर उभी होती आणि मांडव पडल्यापासून तिच्यावर धर्मा बसत होता.

"पूर्वीचा मांडव उतरला की सांगीन, गाला कोनाचा," असं धर्मानं दोन्ही मुलांना सांगून ठेवलं होतं. मांडव उद्या उतरणार होता.

आणि आज नवरीचं तोंड हे असं.

"आयेला बोलव," मैना म्हणाली.

"आई दार उघडत नाहीये," पूर्वी म्हणाली. "मघापासून कडी लावून बसलीय."

*

शालन आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसली होती आणि तिच्या हातात पूर्वीच्या रुखवतातला आरसा होता. आरशाला कडेनं मोती होते. मधोमध एक पिवळी बाई होती, डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल असलेली.

तिला रडायचं होतं, पण रडण्याआधी हिशोब लावायचा होता की कोण काय बोलेल.

पूर्वीचं पॉलिश मैनेनं आठवड्यापूर्वीच उरकलं होतं. छान झालं होतं. "आता हात लावायचा नाय, लग्नापर्यंत," मैना म्हणाली होती. पण साखरपुड्यात घणसोलीच्या विहीणबाईंनी, चांगुणाबाईंनी, पूर्वीची हनुवटी धरून म्हटलं होतं, "पोर गुनाची हाय. जरा सावली हाय, पन गुनाची." ते 'पन' शालनच्या घशात अडकलेलं होतं. म्हणून हळदीच्या दिवशी सकाळी, नवऱ्याला भाजीच्या नावानं गुंडाळून, ती पूर्वीला घेऊन गाळ्याच्या मागच्या शटरनं आत शिरली.

"एक हात आजून मार, मैने."

"नको वयनी. लय होईल."

"मी सांगते ना. आये मी हाय का तू?"

मैनेनं हलका हात मारला. आणि मग शालन खुर्चीकडे बघत म्हणाली, "मी पन बसू काय जरा? नुसता बगाया."

नवऱ्यासमोर हीच शालन वर्षभर म्हणत आली होती की घरच्या बाईनं लोकांची थोबाडं घासायची म्हणजे शोभत नाही, गाळा तुमचाच, खुर्ची तुमचीच. आणि खुर्चीवर बसून, डोळे मिटून, नळी कपाळावरून फिरत असताना तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की कोणीतरी तिचं काम करतंय.

बाहेर ओट्यावर बाजीरावाचा आवाज चढला. शालननं आरसा पालथा घातला, पदर नाकापर्यंत ओढला आणि ऐकू लागली.

*

बाजीरावाला बातमी धाकट्या भावाकडून कळली. दिलीप, मैनेचा नवरा, बंदरावर क्रेन चालवायचा. मोठाली खोकी तो अलगद उचलून अलगद ठेवायचा, पण घरात शब्द उचलायला त्याला जमत नसे. तो भावाजवळ जाऊन एवढंच म्हणाला, "दादूस, पूर्वीचं तोंड जरा पिवलं हाय."

"हलद लावली मंग काय निलं व्हईल?"

"तसं नाय. जातच नाय."

बाजीराव आत जाऊन बघून आला आणि मांडवाच्या मधोमध उभा राहिला. चुलते, मामे, आचारी, सगळे जमले. ओट्यावर फिरत्या खुर्चीत धर्मा. खुर्चीच्या पायाशी पुतळा, लग्नात धवळे गाणारी म्हातारी. आमच्याकडे भटजी मंगलाष्टकं म्हणतो ते शेवटी. आधी सगळं लग्न धवलारीण गाऊन लावते, आणि तिचा शब्द भटजीच्या वरचा असतो. ती तंबाखू मळत होती.

"बोललो हुतो का नाय मी?" बाजीरावानं सुरुवात केली. "आपन कोन? तांडेल. आपल्या बापजाद्यानी खाडी नांगरली. आनि आपली सून काय करते? लोकांचं कातडं सोलते. कोंबडीवाला पन सोलतो, पन तो कोंबडी मारून सोलतो. ही जित्या मानसाला सोलते. आज माज्या पोरीला सोलली. येल आली वरातीची, घनसोलीची मानसं येतीन, चांगुनाबाय बगल, लगीन मोडंल. मंग ते मशीन त्या पोरीचा संसार करनार हाय?"

 बाजीरावाला वाटलं, मुद्दा पटतोय.

"बाबा, मांडव उतरायची वाट कनाला बगायची? आज सांगा. आता सांगा. त्या गाल्यात मानूस बसल का ती घासनी?"

 पण एक चुलता पंढरीनाथ अंगठा चावत होता, आणि आचारी एकाएकी पातेल्याकडे वळला, आणि त्याचे खांदे हलत होते.

पुतळेनं तंबाखू दाढेत धरली. "बाजीराव," ती म्हणाली, "तोंड धुतलंस का तू सकाली?"

"धुतलं ना. टाकीवर आंगोल केली. त्याचं आता काय मदेच?"

"आरशात?"

"टाकीवर कुठला आरसा?"

"मंग बग जा," पुतळा म्हणाली. "तुजा पन चष्मा हाय."

माणसं हसली. आधी दबकत, मग मांडवाचं कापड हललं. बाजीरावाचं कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि मिशीच्या वरची पट्टी लिंबासारखी पिवळी होती, आणि तिच्यात त्याचे दोन डोळे दोन स्वच्छ गोलांमधून जगाकडे रागानं बघत होते.

तो परवा संध्याकाळी आला होता. डोक्यावर हेल्मेट, मागच्या शटरनं. "एजन्सीच्या बोर्डावर माजा फोटू टाकायचा हाय," तो मैनेला म्हणाला होता. "नाकावरचे काले ठिपके दिसता कामा नाय. आनि हे बग, कोनाला बोलायचं नाय."

"माज्या खुर्चीवरचं मी कोनाला बोलत नाय, दादा," मैना म्हणाली होती.

ती बोललीही नव्हती. आताही नाही. ती माजघराच्या दारात उभी होती, हातात वाटी, वाटीत कोमट खोबरेल आणि कापसाचे बोळे, आणि दिराच्या तोंडाकडे न बघता ती खांबाला बांधलेल्या केळीच्या खुंटाकडे बघत होती. ही तिच्या धंद्याची रीत होती. गिऱ्हाईक बाहेर भेटलं तर आपण ओळख दाखवायची नाही. बघायचं तर त्यानं आधी बघायचं. नेरूळच्या बायकांनी तिला हे न सांगता शिकवलं होतं. तुमच्या पुस्तकात तेही नव्हतं.

बाजीरावानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हातांमागून म्हणाला, "शालन कुठं हाय? ए शालन."

आतून कडी वाजली नाही.

*

जीप अंगणाच्या तोंडाशी थांबली तेव्हा सगळ्यांना वाटलं वरातच आली. पण बँड नव्हता. उतरली एकटी बाई, डोक्यापासून छातीपर्यंत शालूचा पदर, मेच्या उन्हात.

"चांगुनाबाय," पंढरीनाथ म्हणाला, आणि हसणारे सगळे एका झटक्यात गप्प झाले. नवऱ्या मुलाची आई लग्नाआधी मुलीच्या दारात एकटी येते तेव्हा ती आहेर घेऊन येत नाही.

बाजीराव तोंड झाकून पुढे झाला. "या विहीनबाय. काय झालं? आमचं काय चुकलं असंल तर..."

"मैना हाय का?" पदराआडून आवाज आला.

"तिनंच केलं सगलं," बाजीराव म्हणाला. "तिला आमी आजच..."

"कुठं हाय ती? मना एकटीला भेटायचं हाय."

 वाटी सांडू नये म्हणून मैनेनं ती पोटाशी धरली. तिनं मनात गाळ्याची चावी काढून म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली, पाटी उतरवली, मशीनवर चादर घातली. एवढं सगळं करून ती म्हणाली, "या. आत या."

आतल्या खोलीचं दार तिनं ठोठावलं. "वयनी, उगड. चांगुनाबाय हायेत."

आत काहीतरी पडलं. आरसा असावा. मग कडी निघाली.

तिघी आत. मैनेनं दार लोटलं. चांगुणाबाईंनी खोलीत दुसरी बाई बघितली तशा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"हिला भायेर काड."

"घर माजं हाय," शालन पदराआडून म्हणाली.

"तोंड का झाकलंस तू?"

"तुमी का झाकलंय?"

 मग चांगुणाबाईंनी पदर खाली सोडला. पिवळं कपाळ, पिवळं नाक, पिवळे गाल. डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल.

"काल हलदीत मना पन फासली, सकालपासून घासतंय," त्या म्हणाल्या. "आमच्या प्रितेशनं बगितलं आनि नवरामुलगा असून खाटेवर लोलून हसला. मी काय अशी मिरवू वरातीत? परवा हिच्याकडं आलो ना मी. भाच्याच्या रिक्षानं. कोनाला कलू नये म्हनून."

शालनला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. एक, लग्न मोडणार नव्हतं. दोन, पोरीला सावळी म्हणणारी ही बाई स्वतःचं सावळेपण घालवायला घणसोलीहून करावेपर्यंत आली होती, तिच्याच जावेच्या मागच्या शटरनं.

तिनं पदर सोडला.

चांगुणाबाईंचा जबडा खाली आला. "आगं बाय. तू पन?"

"पन," शालन म्हणाली. "तुमी साखरपुड्यात 'पन' बोलल्या ना, त्या 'पन'ची हलद हाय ही."

त्या दोघींत आधी कोण हसली हे मैनेला कळलं नाही. पण पोत्यावर बसून, एकमेकींच्या मांडीवर थापा मारत, दोन विहिणी अशा हसायला लागल्या की बाहेर पुरुषांना वाटलं आत मारामारी सुरू झाली. पूर्वी दार ढकलून आत आली, तिच्याच तोंडाच्या दोन बायका तिनं बघितल्या, आणि म्हणाली, "आई. हे काय आहे? युनिफॉर्म आहे का?"

"इकडं ये," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी तिची हनुवटी धरली, साखरपुड्यात धरली होती तशीच, आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. "पोर गुनाची हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही जोडलं नाही.

मैना तोवर पूर्वीच्या गालावर खोबरेलाचा बोळा फिरवत होती. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं, थांबायचं, उचलायचं. मग दुधाची साय. मग पुन्हा तेल. बोळा हळूहळू पिवळा येऊ लागला. नवरीच्या तोंडावर बादलीचा पिवळा उतरून चाफ्याचा राहिला, आणि चाफा चालतो.

"आमचं?" शालननं विचारलं.

"नवरी आदी," मैना म्हणाली. "मंग तुमी. लाईनीत."

*

धर्मा तांडेल सकाळपासून मुठी आवळून बसला होता. लोकांना वाटत होतं म्हातारा रागावलाय. फिरत्या खुर्चीत ताठ, मांडीवर लाल रुमाल, रुमालाखाली दोन्ही हात.

हात दाखवण्यासारखे नव्हते.

साखरपुड्याच्या दिवशी पूर्वी पाया पडली, त्यानं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि पोरीनं डोळे मिटून मान मागे घेतली होती. "आजोबा, हात टोचतात." हसत म्हणाली होती. तिला तासाभरानं आठवलंही नसेल. त्याला मात्र झोप लागली नाही. वल्हं मारून, जाळं ओढून त्याच्या तळव्यांना जे कवच आलं होतं, त्याचा त्याला आजवर अभिमान होता. नवी मुंबई उठली, खाडीवर भराव पडला, होडी उलटी करून तिच्यावर सून गोवऱ्या थापू लागली, पण कवच गेलं नव्हतं. आणि आता ते नातीला टोचत होतं.

तो मैनेकडे गेला होता. पुढच्या दारानं, भर दुपारी, कारण मागचं शटर त्याला माहीत नव्हतं.

"या हातावर चालंल का तुजी घासनी?"

मैनेनं हात उलटे करून बघितले होते. एकदम नाही होणार, म्हणाली होती. चार-पाच दुपारी या. तो आला. गिऱ्हाइकांच्या मधे, हेअर-ड्रायरखाली बसलेल्या बायकांच्या शेजारी, हात पुढे करून. काल दुपारी शेवटचा हात झाला आणि काल सांजेला त्यानं त्याच मऊ हातांनी हळदीची परात कालवली. घरचा मोठा, मान त्याचाच. आता दोन्ही तळवे झेंडूसारखे होते.

माजघराचं दार उघडलं. चांगुणाबाई उघड्या तोंडानं बाहेर आल्या. त्यांच्यामागे शालन. मांडवातल्या लोकांनी एक चष्मा बघितला, दुसरा बघितला, मग तोंड झाकलेल्या बाजीरावाकडे बघितलं. या खेपेला कोणी हसलं नाही, कारण मुलाकडच्या बाईवर हसायचं नसतं. पुतळा मात्र म्हणाली, "धवल्यात आमी गातो ना, नवरी सोन्याची. मना काय माईत, सगला मांडवच सोन्याचा निगंल."

"हसा," बाजीराव हात खाली घेत म्हणाला. तोंड लपवण्यात आता राम नव्हता. "हसा. पन गाल्याचं काय? मी एकदा गेलो म्हनून गाला तिचा होतो काय? मी दवाखान्यात पन गेलो हुतो, दवाखाना डॉक्टरला लिवून दिला का मी? बाबा, तुमी शब्द दिलाय."

"मांडव उतरल्यावर," धर्मा म्हणाला.

"नाय. आज. सगल्यासमोर. ज्याला पार्लर बंद पायजे त्यानं हात वर करावा. काय करायचं ते मानसं सांगतीन."

त्यानं स्वतःचा हात वर केला. वर करून त्यानं शालनकडे बघितलं. शालन पदराला पीळ घालत होती. वर्षभर तीच म्हणाली होती, गाळा तुमचा. तिनं पदराचा पीळ सोडला, परत घातला, आणि हात तिथेच ठेवला.

"शालन."

"माजं तोंड अजून पुसायचं हाय," ती म्हणाली.

चांगुणाबाई पाहुण्या, त्यांना हात नव्हता, पण त्या मोठ्यानं म्हणाल्या, "माजं पन." पंढरीनाथ छपराकडे बघू लागला. दोघा भावांत दिलीपचं तोंड तेवढं स्वच्छ होतं. बायकोच्या पार्लरात तो भीतीनं कधी शिरलाच नव्हता. त्यानं भावाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि क्रेन खाली आणावी तसे दोन्ही हात हळूहळू खिशात घातले. मैनेनं ते बघितलं. लग्नानंतर त्यानं तिच्या बाजूनं केलेली ती पहिलीच हालचाल होती.

"बाबा," बाजीरावाचा हात एकटाच वर होता आणि आता दुखायला लागला होता, "तुमी करा वर. तुमचा एक हात बास हाय."

धर्मा हलला नाही. रुमालाखाली मुठी घट्ट झाल्या. फिरती खुर्ची किंचित करकरली.

मैनेला त्या रुमालाखाली काय आहे ते माहीत होतं. एवढ्या माणसांत तिला एकटीला. रुमाल ओढायला एक बोट पुरलं असतं. ती ओढणार नव्हती, खुर्चीवरचं खुर्चीपाशी. ती केळीच्या खुंटाकडे बघू लागली.

वेशीवरून बँडचा पहिला ठोका आला. वरात आली होती.

"चल गो, पाया पड आज्याच्या," पुतळा उठली. "येल झाली. धवला धरायचा हाय मना."

पूर्वी ओट्याची पायरी चढली. चाफ्याच्या रंगाची, कपाळाला बाशिंग, आणि हसू दाबताना ओठ वेडेवाकडे झालेले. ती वाकली, उठली आणि आजोबांसमोर तोंड पुढे करून उभी राहिली. आशीर्वाद तोंड धरून द्यायचा, ही तांडेलांची रीत. हात न लावता दिलेला आशीर्वाद लागत नाही. बँड जवळ येत होता. अख्खा मांडव बघत होता. म्हातारा तिच्याकडे बघत होता.

मग त्यानं रुमाल बाजूला सारला आणि दोन्ही हात उघडले.

 बाजीरावाचा वर गेलेला हात आपोआप खाली आला. धर्मानं ते दोन पिवळेजर्द तळवे नातीच्या गालांवर ठेवले आणि ठेवून थांबला, तिच्या डोळ्यांकडे बघत.

"टोचला?" त्यानं विचारलं.

"नाही," पूर्वी म्हणाली. तिनं मान मागे घेतली नाही.

मैनेनं वाटी ओट्याच्या कडेवर ठेवली. खुर्चीवरचं तिनं बाहेर काढलं नव्हतं, म्हाताऱ्यानं स्वतः उघडून दाखवलं होतं. आता तिला बोलायची मोकळीक होती. तिनं तेलाचे हात पदराला पुसले, पदर खोचला आणि सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. खुर्ची तिच्याकडे वळेपर्यंत थांबली.

"बाबा, मना उद्याचं सांगू नका. मांडव उतरल्यावरचं नको. दादांनी इचारलं तेवा तुमी हात वर केला नाय, ते मी बगितलं. पन हात वर न करनं म्हंजे उत्तर नाय. हे सगले हितं हायेत, मानसांच्यापुढं बोला. गाला कोनाचा?"